भागवतला हलकं वाटतंय

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात भागवतचा शब्द म्हणजे शब्द. जनावरांच्या दलालीत बावीस वर्षं घालवली, पण कुणाच्या गळ्यात खोटं जनावर मारलं असं त्याच्या नावावर एकदाही आलं नाही. दोन दिवस धार न काढता कास फुगवून आणलेली म्हैस तो दहा पावलांवरून ओळखायचा. शिंगं घासून, तेल लावून तरणा केलेला बैल पुढं उभा केला, की तो बैलाकडं न बघता मालकाकडं बघून हसायचा. गिऱ्हाईक फक्त एवढंच विचारायचं, "भागवतभाऊ, घेऊ का?" तो "घ्या" म्हणाला की डोळे झाकून घ्यायचं, आणि "चला, आधी चहा पिऊ" म्हणाला की मुकाट्यानं तिथून बाजूला व्हायचं.

आणि असा हा माणूस स्वतःच्या घरात महिनाभराच्या वर रोज सकाळी खोटं बोलला. तेही कशापायी, तर एक पेला पाण्यापायी. आता काय म्हणावं.

त्याचं झालं असं. जानेवारीत गुडघा दुखतो म्हणून त्याची बायको सविता त्याला नगरला, सावेडीतल्या एका डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं गुडघ्याच्या आधी पोट बघितलं आणि काट्यावर उभं केलं. थंडीचे दिवस. भागवतच्या अंगात जाड जर्किन, पायात बाजारात घालायचे जाडजूड बूट, खिशात दोन मोबाईल, बॅटरी, किल्ल्यांचा जुडगा, अडकित्ता. काटा त्र्याण्णववर गेला. रक्त तपासलं तर साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, दहा किलो उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील. रोज पाऊण तास चाला, तेल कमी करा, गोड बंद करा, घाई करू नका. सरळ साधं सांगणं होतं. पण सरळ साधं सांगणं ऐकून कुणाचं समाधान झालंय? परतीच्या एस.टी.त बसल्याबसल्या सवितानं मोबाईल उघडला.

सविता काही भोळी बाई नव्हे. आसपासच्या वस्त्यांवरच्या अकरा बायकांचा बचत गट ती चालवते, बँकेतल्या साहेबाला तोंडावर चार शब्द सुनावते. पण मोबाईलमधल्या एका पिवळ्या ड्रेसातल्या बाईपुढं तिचं काही चाललं नाही. ती बाई लखलखीत ओट्यापुढं उभी राहून, काचेच्या उंच ग्लासात चमचा किणकिणवत सांगायची, ताई, एकवीस दिवसांत पोट आत. व्यायाम नको, पथ्य नको. जिरं रात्री भिजवा, सकाळी उकळा, लिंबू पिळा, उपाशीपोटी द्या. खाली हजारो बायकांनी हात जोडलेले. सविताला वाटलं, एवढ्या बायका काय वेड्या आहेत?

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवतच्या हातात चहाच्या कपाऐवजी पितळी पेला आला. चहा बंद. भागवतनं जिऱ्याचं पाणी पिलं. वाईट नव्हतं, त्यानं आठ दिवस खरोखर पिलं.

पण मोबाईलला एक खोड असते. एकदा जिऱ्याचं पाणी बघितलं की तो समजतो, हिला नुसतं पाणीच पाहिजे. मग दुसरी बाई आली, ती म्हणाली जिऱ्यानं काही होत नाही, मेथी घ्या. तिसरी म्हणाली मेथीनं पित्त वाढतं, दालचिनी आणि मध घ्या. चौथा एक दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारा बुवा होता, तो म्हणाला गरम पाण्यात मध म्हणजे विष, कोरी कॉफी घ्या आणि त्यात लिंबू पिळा. एकीनं तर भेंड्या चिरून रात्रभर पाण्यात ठेवायला सांगितल्या. हे एकमेकांशी भांडायचे आणि भोगायला भागवत.

मेथीच्या पहिल्या दिवशी त्याला ओकारी आली. त्यानं कसाबसा पेला रिकामा केला आणि वर बघितलं, तर सविता पदर खोचून समोर उभी. भल्या पहाटे थंडीत उठून तिनं ते उकळलं होतं, हात गारठून लाल झाले होते. "कसं वाटतंय?" तिनं विचारलं. एवढ्या आशेनं तिनं विचारलं, की भागवतला खरं बोलायची लाज वाटली.

"हलकं वाटतंय," तो म्हणाला.

बस, एवढंच. अशी वाक्यं नवरे लोक दिवसाला चार बोलतात, आणि त्यांची कुठं नोंद होत नाही. पण हा पडला भागवत.

दुसऱ्या दिवशी सविता पेला देऊन आत भाकरी थापायला गेली आणि भागवत ओट्यावर एकटा राहिला. ओट्याला लागूनच दावण, आणि दावणीला चंद्री म्हैस. चंद्रीनं मान लांब करून पेल्याचा वास घेतला. तिच्या पुढच्या घमेल्यात सकाळची पेंड होती. भागवतनं एकदा दाराकडं बघितलं आणि पेला घमेल्यात ओतला. चंद्रीनं घमेलं चाटूनपुसून लख्ख केलं. सविता बाहेर आली तेव्हा नवरा रिकामा पेला घेऊन बसलेला. तिनं विचारलं, यानं सांगितलं, हलकं वाटतंय.

मग रोजचाच परिपाठ झाला. मेथी चंद्रीला, दालचिनी चंद्रीला, ओवा, बडीशेप, भेंडीचं बुळबुळीत पाणी, सगळं चंद्रीला. फक्त कॉफी-लिंबू तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. ते नारळाच्या बुंध्यात गेलं. आता मेथी, ओवा, बडीशेप हे तर जाणता माणूस व्यालेल्या म्हशीला मुद्दाम घालतो. चंद्री लिटरभर दूध जास्त द्यायला लागली. सविता म्हणाली, घरातलं वातावरण चांगलं असलं की मुक्या जनावरालाही कळतं. भागवत बाजारात जाऊन अंगदच्या टपरीवर दोन चहा आणि चार खाऱ्या खायचा आणि घरी येऊन जेवायला बसायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी सविता त्याला गावातल्या खताच्या दुकानात घेऊन गेली आणि पोती मोजायच्या काट्यावर उभं केलं. ऊन लागायला लागलं होतं. अंगात पातळ सदरा, पायात चपला, खिसा रिकामा. काटा साडेनव्वद. सवितानं तिथंच, दुकानदारासमोर, टाळी वाजवली. अडीच किलो! अडीच किलो कुठं गेले ते भागवतला चांगलं ठाऊक होतं. ते घरी खुंटीला टांगले होते, जर्किनच्या रूपानं, आणि खाली बूट. बाजारात कुणी असं वजन दाखवलं असतं तर त्यानं त्याचा पाणउतारा केला असता. पण बायको इतकी खूश झाली होती, की तो गप्प बसला. आणि ते गप्प बसणं हेही खोटंच होतं, एवढं कळण्याइतका तो शहाणा होता.

सवितानं घरी येऊन बचत गटाच्या ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप टाकला. आमच्या मालकांचं अडीच किलो उतरलं, त्यांना एकदम हलकं वाटतंय. पिवळ्या ड्रेसातल्या बाईचं वस्तीवर कुणी एवढं मनावर घेतलं नव्हतं. पण भागवतभाऊ म्हणतात म्हटल्यावर विषयच संपला. आठ दिवसांत वस्तीवरची मेथी संपली आणि गावातल्या दुकानदारानं नेवाशाहून पोतं मागवलं.

वजन केलं त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची गोष्ट. भागवत एका जर्सी गाईचा सौदा करत होता. रुमालाखाली त्याचा हात गिऱ्हाइकाच्या हातात, बोटं दाबून भाव चाललेला. अशा वेळी दलालाचं सगळं लक्ष बोटांत असतं. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरचा वाल्मिक जवळ आला. त्याची आई लंकाबाई, सत्तरीची, दहा-बारा वर्षं साखरेच्या गोळ्या खाणारी, बचत गटात सगळ्यात वडीलधारी. वाल्मिकनं विचारलं, "भाऊ, ते मेथीचं पाणी आईला सुरू करायचं म्हनती. घेऊ का?"

भागवतनं क्षणभर वर बघितलं. "चल, आधी चहा पिऊ" हे शब्द त्याच्या अगदी तोंडाशी आले होते. पण ते बोलला असता तर सविताच्या कानावर जायला किती वेळ? त्यानं मान पुन्हा खाली घातली.

"घे," तो म्हणाला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी वाल्मिकचा फोन आला. आई अंगणात चक्कर येऊन पडली, फाट्यावरच्या दवाखान्यात आणलंय. भागवत आणि सविता मोटारसायकलवर निघाले. लंकाबाई पलंगावर होती, हाताला सलाईन, कपाळावर टेंगूळ, पण बोलत होती. डॉक्टरीणबाई मात्र तापल्या होत्या. साखर चारशेच्या पुढं गेली होती. म्हातारीनं पंधरा दिवस गोळीला हात लावला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून गोळ्या सोडल्या?

गोळ्या सोड असं कुणीच सांगितलं नव्हतं. लंकाबाईनं आपलं आपण ठरवलं होतं. ती भागवतकडं बघून अगदी समाधानानं म्हणाली, "आगं बाई, भागवतनं घे म्हनल्यावर गोळ्या कशाला खायच्या? त्याच्या शब्दावर आमी बैल घेतो. हे तर पानी हाय."

तिनं त्याला दोष दिला असता तर बरं झालं असतं. ती तर अजूनही त्याच्या शब्दावर विसंबून पडली होती. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यानं सविताकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"काकू," तो म्हणाला, "त्ये पानी मी पितच न्हाई. पहिलं आठ दिवस पिलो. बाकी समदं म्हशीला पाजलं."

वाल्मिक खाली मान घालून फरशीकडं बघायला लागला. मग लंकाबाईनं विचारलं, "मंग म्हशीला हलकं वाटलं का?" आणि ती अशी हसायला लागली, की डॉक्टरीणबाईंना सलाईनचा हात धरावा लागला. वाल्मिक हसला, डॉक्टरीणबाईसुद्धा तोंड फिरवून हसल्या. सविता हसली नाही.

घरी येताना ती मागं बसली होती, पण रोजच्यासारखा खांद्यावर हात नव्हता, तिनं सीटच्या मागची दांडी धरली होती. कालव्याच्या पुलाजवळ ती म्हणाली, गाडी थांबवा. भागवतनं थांबवली. त्याला वाटलं, आता आग पाखडणार. त्यानं मनाची तयारीही केली होती. पण ती शांतपणे म्हणाली, "तेवीस वर्षांत अजून काय काय म्हशीला पाजलं?"

भागवतला कळेना.

"पुरनपोळी झकास झालीय म्हनायचा. माझ्या भावाचा तुमाला राग न्हाई म्हनायचा. हिरव्या साडीत मी चांगली दिसते म्हनायचा. त्यातलं खरं किती आन म्हशीला पाजलेलं किती, तेवढं सांगा."

ते सगळं खरं होतं. भावाचं सोडलं तर. पण आता खरं आहे म्हणून सांगायला त्याच्याजवळ काय होतं? ज्या तोंडानं हलकं वाटतंय म्हणाला, तेच तोंड. बाजारात बावीस वर्षं कमावलेलं सगळं त्या पुलावर कवडीचंही नव्हतं. त्यानं गाडी चालू केली आणि दोघं घरी आले.

बाजाराचा एक रिवाज आहे. दलालाच्या शब्दावर घेतलेलं जनावर खोटं निघालं, तर दलालानं स्वतः पायी त्या घरी जायचं, चूक कबूल करायची आणि जनावर सोडून माघारी आणायचं. माणूस पाठवायचा नाही, फोन करायचा नाही. भागवतवर ही वेळ कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो उठला आणि बचत गटातल्या घरांची वाट धरली. आपलं घर सोडून दहा घरं, दहा वस्त्या, ऊन मी म्हणत होतं. प्रत्येक दारात तेच सांगायचं. मी पाणी पिलो नाही, वजन उतरलं ते जर्किनचं, तुम्ही माझ्या शब्दावर घेतलं असेल तर तो शब्द मी माघारी घेतो. आणि कुणी गोळ्या सोडल्या असतील तर आजच सुरू करा.

कुणी चिडलं नाही, हीच मोठी शिक्षा होती. रतनबाईनं विचारलं, माझे दोन किलो खरंच उतरलेत, ते पण माघारी नेणार का? आरती नावाची एक तरणी सून होती, तिनं भेंडीच्या पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. एवढं पिऊन मग बोला, भाऊ. भागवतनं पिलं. घशातून ते खाली जाईना आणि वर येईना. पुढच्या घरी आरतीचा फोन आधीच पोचलेला, तिथं मेथी तयार. संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात सात पेले गेले, महिन्याभराचं एका दिवसात. तिघीजणींनी मात्र सांगितलं, तुम्ही पिला नाही ते तुमचं, आम्ही पिणार. मोबाईलवाली बाई खोटं कशाला बोलेल? भागवतनं पायांत चपला सरकवल्या आणि पुढची वाट धरली.

बाजारात पुढच्या शुक्रवारी मस्करीला ऊत आला. सौद्याच्या मध्येच कुणीतरी म्हणायचं, भाऊ, एकदा म्हशीला विचारून सांगा. पण गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट, स्वतःहून दहा दारं फिरला म्हणून जुने लोक आणखी मानायला लागले. लंकाबाई तिसऱ्या दिवशी घरी आली आणि गोळ्या सुरू झाल्या. बाहेरचं सगळं सावरलं. घरातलं सावरेना.

सविता भांडत नव्हती. वेळेवर चहा द्यायची, बिनसाखरेचा, वेळेवर ताट वाढायची. पण तिनं विचारायचं सोडलं होतं. तेवीस वर्षं ती पहिला घास तोंडात गेला की विचारायची, कसं झालंय? आता वाढायची आणि जनावरांच्या पाण्याचं बघायला निघून जायची. भागवत आपण होऊन म्हणायचा, वांगं लई झाक झालंय. ती म्हणायची, "व्हय का." त्या "व्हय का"मध्ये राग नव्हता, काहीच नव्हतं. त्यापेक्षा भेंडीचं पाणी बरं, असं त्याला वाटायचं. घासागणिक त्याला कळत होतं, की या बाईनं त्याला आजवर जे विचारलं ते भाजीसाठी नव्हतंच.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दुपारी सवितानं ताट वाढलं. बाजरीची भाकरी, तुरीची आमटी, कांदा. आणि या वेळी ती गेली नाही, भिंतीला टेकून बसली. विचारलं काही नाही, नुसती बसली. भागवतनं भाकरी कुस्करली, आमटी ओतली, घास तोंडात घातला. मीठ. जिभेला झोंबेल इतकं मीठ. बोलायला तोंड उघडलं आणि सवयीनं तेच जुनं वाक्य पुढं सरसावलं. बायको दहा दिवसांनी समोर बसलीय, उगाच कशाला दुखवायचं, एक ताट आमटी खाल्ली तर मरत नाही माणूस. त्यानं तो घास गिळला. मग ताट बाजूला सरकवलं.

"सविता, आमटी खारट झालीय. खाववत न्हाई."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मूठभर टाकलं हुतं."

ती उठली, ताट उचलून चुलीकडं गेली आणि झाकून ठेवलेल्या दुसऱ्या पातेल्यातली आमटी वाढून घेऊन आली. ही चांगली होती. भागवत जेवत राहिला, ती समोर बसून राहिली. भाकरी संपत आली तेव्हा तिनं विचारलं, "उद्यापास्नं भाजीत तेल निम्मं करनार हाय. डाक्टरनं सांगितलं हुतं तसं. चालंल का? खरं सांगा."

भागवतनं हातातला घास खाली ठेवला.

"न्हाई चालनार," तो म्हणाला. "पन कर."